लाज कोणाची?

घरात चोर शिरतो. पितळेची घागर उचलून नेतो. सकाळी आळी गोळा होते. नावे कोणाला ठेवतात? चोराला. घागर दारात ठेवू नये, असे एखादी म्हातारी बोलते, नाही असे नाही. पण घागर गेली म्हणून घरधनिणीची अब्रू गेली, असे कोणी म्हणत नाही. घागरीपायी तिच्या लेकीचे लग्न अडत नाही.

आता दुसरी गोष्ट घ्या. एखाद्या बाईवर कोणी बळजबरी करतो. याला बलात्कार म्हणतात. शब्दातच बळ आहे. सकाळी आळी गोळा होते, पण दबकत दबकत. बोलणे सुरू होते ते तिच्यावरून. ती तिकडे गेलीच का? एवढ्या उशिरा कशाला? ओरडली का नाही? आणि शेवटी सारे म्हणतात, बिचारीची अब्रू गेली.

गुन्हा केला त्याने, अब्रू गेली तिची! हा उफराटा हिशेब आपण पिढ्यान् पिढ्या मांडत आलो. बाईची अब्रू म्हणजे काचेचे भांडे, असे आपण लेकीला शिकवतो. काच फोडणाऱ्या हाताविषयी लेकाला काही शिकवत नाही.

हा हिशेब अलीकडे थोडा थोडा बदलू लागला आहे. आपोआप नव्हे. तो माणसांनी बदलला. कोणी, कसा, ते या धड्यात पाहू. विषय अवघड आहे. वर्गात मोठ्याने वाचताना आवाज अडखळेल. अडखळू द्या, पण वाचा. बायका आणि पुरुष दोघांनीही वाचा.

शिक्षा जुनी आहे

हा विषय निघाला, की आपल्याकडे कोणीतरी रांझ्याच्या पाटलाची गोष्ट सांगतोच. पुणे प्रांतातले रांझे गाव. तिथल्या पाटलाने एका बाईशी बदअंमल केला. शिवाजी महाराजांनी त्याचे हातपाय तोडवले. १६४६ सालचे त्याबद्दलचे पत्र आहे. गोष्ट खरी आहे. ऐकताना छाती फुगते. पण त्या बाईचे पुढे काय झाले? तिला घरात घेतले का? पाणवठ्यावर बायका तिच्याशी बोलल्या का? गोष्ट सांगणारा ते सांगत नाही. आपणही विचारत नाही.

इंग्रजांच्या राज्यात १८६० साली दंडाचा कायदा झाला. त्यातही बलात्काराला कडक शिक्षा लिहिलेली होती. म्हणजे शिक्षा तेव्हाही होती. उणीव होती ती दुसरीकडेच. जिच्यावर अन्याय झाला, तिच्याकडे लोक कसे बघतात, तिथे घोडे अडत होते.

महाराष्ट्रात हे आधी ओळखले ते जोतिराव आणि सावित्रीबाई फुले यांनी. त्या काळी तरुण विधवांना घरातले, नात्यातलेच पुरुष फशी पाडत किंवा त्यांच्यावर जबरदस्ती करत. दिवस गेले, की तोंड लपवायचे ते बाईने. कोणी विहीर जवळ करी, कोणी मूल मारी. पुरुष मात्र उजळ माथ्याने देवळात कीर्तनाला बसे. १८६३ साली फुले पतिपत्नींनी पुण्यात अशा बायांसाठी आपल्या घरी जागा केली. तिथे येऊन गुपचूप बाळंत व्हावे, मूल न्यावे किंवा ठेवून जावे, असा मोकळा सांगावा दिला. अशाच एका विधवेचा मुलगा त्यांनी दत्तक घेतला. तो यशवंत. पुढे तो डॉक्टर झाला. लोकांनी नावे ठेवली. ती दोघे डगमगली नाहीत. बाईला दोष न देता दार उघडणे, ही पहिली पायरी त्यांनी घातली.

देसाईगंजची रात्र

आता आपण शंभर वर्षे पुढे येऊ, आणि पुण्याहून दूर विदर्भात जाऊ. देसाईगंज हे गाव आज गडचिरोली जिल्ह्यात आहे. त्या वेळी ते चंद्रपूर जिल्ह्यात होते. तिथे एक आदिवासी मुलगी राहत होती. वय चौदा ते सोळाच्या मधले. आईबाप वारलेले. भाऊ होता. दोघे मोलमजुरी करत. तिचे नाव कायद्याच्या साऱ्या पुस्तकांत छापलेले आहे. आम्ही ते इथे देत नाही. का, ते पुढे येईल.

ती ज्या घरी कामाला जाई, त्या घरातल्या एका मुलाशी तिचे मन जुळले. भावाला ते आवडले नाही. त्याने पोलिसांत तक्रार दिली. २६ मार्च १९७२ च्या रात्री सगळ्यांना ठाण्यात बोलावले. जबाब झाले. रात्रीचे साडेदहा होत आले. सगळ्यांना जा म्हणून सांगितले. एका शिपायाने मुलीला मात्र थांबवले. तिची माणसे बाहेर वाट पाहत राहिली. आत दिवा मालवला. दार लागले.

ती बाहेर आली तेव्हा तिने झाले ते सांगितले. ठाण्यातल्या दोघांची नावे घेतली. एकाने बलात्कार केला, दुसऱ्याने अंगाशी झोंबाझोंबी केली, असे तिचे म्हणणे.

पुढचे नीट वाचा. ठाण्याबाहेर गाव जमले. लोक चिडले. ठाणे जाळू म्हणाले. मग तिची तक्रार लिहून घेतली गेली. या खटल्याची गोष्ट सांगताना पुष्कळ जण थेट कोर्टापासून सुरुवात करतात. आम्हाला मात्र त्या रात्री जमलेले लोक महत्त्वाचे वाटतात. एका अनाथ मजूर पोरीचा शब्द त्यांनी खरा मानला, तोही पोलिसांविरुद्ध. ते लोक जमले नसते, तर कागद झाला असता की नाही, देव जाणे.

खटला चालला. १९७४ साली सेशन्स कोर्टाने दोघांना सोडले. कोर्टाने मुलीलाच खोटारडी ठरवले. तिचा एका मुलाशी आधी संबंध होता, तेव्हा हेही तिच्या मर्जीनेच झाले असणार, असा त्या निकालाचा रोख होता.

सरकारने वर दाद मागितली. १९७६ साली मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने निकाल फिरवला. खंडपीठ म्हणजे मोठ्या कोर्टाची दुसऱ्या शहरातली शाखा. न्यायाधीश म्हणाले, भीतीपोटी मुकाट्याने सोसणे वेगळे आणि राजीखुशी वेगळी. एका पोलिसाला पाच वर्षे, दुसऱ्याला एक वर्ष शिक्षा झाली.

मग प्रकरण दिल्लीला सर्वोच्च न्यायालयात गेले. तिथे सप्टेंबर १९७८ मध्ये दोघेही सुटले. का सुटले? मुलीच्या अंगावर जखम नव्हती. ती ओरडल्याचा पुरावा नव्हता. तेव्हा तिने विरोध केला नाही, असे कोर्टाने धरले.

आता विचार करा. रात्रीची वेळ. पोलीस ठाणे. दार बंद. समोर खाकी कपड्यातला माणूस. चौदा-पंधरा वर्षांची मजूर पोर. तिने कोणाला हाक मारायची? पोलिसांना?

चार पानांवरून चळवळ

निकाल लागला. वर्ष गेले. कोणी काही बोलले नाही. मग सप्टेंबर १९७९ मध्ये कायदा शिकवणाऱ्या चार प्राध्यापकांनी सर्वोच्च न्यायालयाच्या सरन्यायाधीशांना उघडे पत्र लिहिले. उघडे पत्र म्हणजे सर्वांना वाचता यावे असे पत्र. त्यांची नावे उपेंद्र बक्षी, वसुधा धागमवार, रघुनाथ केळकर आणि लोतिका सरकार. त्यांनी विचारले, की भीतीने मान तुकवली म्हणजे संमती दिली, असे कसे? पोलीस ठाण्यातच असे घडावे, आणि त्याबद्दल निकालात निषेधाचा एक शब्द नसावा, हे कसे? मुलगी गरीब नसती, आदिवासी नसती, तर तिच्याकडे असेच पाहिले असते का?

मोठ्या न्यायालयाला असे विचारणे सोपे नव्हते. पत्र हातोहात फिरले. वर्तमानपत्रांत आले. १९८० च्या सुरुवातीला मुंबईत बायका एकत्र जमल्या आणि बलात्काराविरुद्ध एक मंच उभा राहिला. तोच पुढे नारी अत्याचार विरोधी मंच झाला. नागपुरात सीमा साखरे यांनी स्त्री अत्याचारविरोधी परिषद उभी केली. ८ मार्च १९८० या महिला दिनी मुंबई, पुणे, नागपूर, दिल्ली अशा कितीतरी शहरांत बायका रस्त्यावर उतरल्या. खटला पुन्हा चालवा, ही त्यांची मागणी होती.

खटला पुन्हा चालला नाही. ते दोघे सुटलेलेच राहिले. त्या मुलीला न्याय मिळाला नाही. हे सरळ सांगितले पाहिजे, नाहीतर गोष्ट गोड होते आणि खोटी होते.

पण एक झाले. जो शब्द घरात उच्चारत नसत, तो हजारो बायकांनी भर रस्त्यात, फलकावर लिहून हातात धरला. फलक धरणारी बाई म्हणत होती, यात लाज माझी नाही. त्या काळी हे केवढे धाडस होते, ते आजच्या पोरींना सांगूनही पटणार नाही. कित्येकींच्या घरी त्या रात्री भांडणे झाली असतील.

शहरातले मोर्चे गावात कसे पोचणार? वाचता येणारे थोडे. तिथे नाटक कामाला आले. स्त्री मुक्ती संघटना ही मुंबईची संस्था. तिच्या ज्योती म्हापसेकर यांनी १९८३ साली 'मुलगी झाली हो' हे नाटक लिहिले. ते या एकाच गुन्ह्यावर नव्हते. मुलगी जन्मल्यापासून तिला काय काय सोसावे लागते, ते त्यात गाण्यातून, हसवत, रडवत सांगितले होते. ना पडदा, ना रंगमंच. चौकात, पटांगणात, कुठेही उभे राहून बायका ते करत. गावोगाव प्रयोग झाले. पुरुषही बघायला थांबत. सभेत जे बोलता येत नाही, ते नाटकात ऐकून घेतले जाते, हा आपल्या तमाशा-भारुडाच्या मुलखाचा जुनाच अनुभव आहे.

कायदा हलला

१९८३ साली संसदेने कायदा बदलला. पोलीस, तुरुंगातला अधिकारी, सरकारी नोकर, दवाखान्यातला माणूस यांच्या ताब्यात बाई असताना त्यांनी बळजबरी केली, तर शिक्षा अधिक कडक झाली. अशा प्रकरणात संबंध आल्याचे सिद्ध झाले आणि बाईने कोर्टात सांगितले की माझी संमती नव्हती, तर कोर्टाने तसे धरून चालायचे. आहे म्हणणाऱ्या पुरुषाने ते सिद्ध करायचे. पारडे उलटे झाले, ते असे. खटला बंद दाराआड चालवायचा, म्हणजे बघ्यांची गर्दी होणार नाही, हेही ठरले.

आणि बाईचे नाव छापायचे नाही. छापेल त्याला शिक्षा. वर आम्ही देसाईगंजच्या मुलीचे नाव का दिले नाही, ते आता कळले असेल. तिच्यानंतरच्या बायकांना जे मिळाले, ते तिलाही द्यावे, असे आम्हाला वाटते. कोणी म्हणेल, लाज तिची नाही म्हणता, मग नाव का लपवता? प्रश्न चांगला आहे. उत्तर असे, की नाव सांगायचे की नाही, हे तिने ठरवायचे. गावाने नव्हे, पेपराने नव्हे.

तरी एक काटा राहिलाच होता. १८७२ च्या पुरावा कायद्यात लिहिले होते, की बलात्काराच्या खटल्यात आरोपीच्या वकिलाला बाईची आधीची चालचलणूक वाईट होती, असे दाखवता येईल. म्हणजे खटला त्याच्यावर आणि झडती तिची! किती बाया या एका भीतीने कोर्टाची पायरी चढल्या नसतील. बायकांच्या संघटनांनी पिच्छा सोडला नाही. २००२ च्या अखेरीस ते कलम गेले. एक ओळ पुसायला १३० वर्षे लागली.

दवाखान्यातही अशीच एक रीत होती. डॉक्टर दोन बोटांनी तपासून लिहीत, की बाईला संबंधांची सवय आहे. याचा गुन्ह्याशी काय संबंध? काडीचा नाही. वर्ध्याजवळच्या सेवाग्रामच्या रुग्णालयातले डॉक्टर इंद्रजित खांडेकर यांनी २०१० साली या तपासण्यांवर अहवाल लिहिला. त्यावरून नागपूर खंडपीठापुढे याचिका झाली. २०१३ साली सर्वोच्च न्यायालयाने ही तपासणी बाईच्या हक्काविरुद्ध आहे, असे सांगितले. २०२२ साली तर जो डॉक्टर ती करील तो गैरवर्तनाचा दोषी, इथवर न्यायालय आले. ज्या न्यायालयाला १९७९ साली चार प्राध्यापकांनी पत्र लिहिले, तेच हे न्यायालय. माणसे बदलतात, तशा कचेऱ्याही बदलतात. मात्र कोणीतरी दार ठोठावत राहावे लागते.

राजस्थानातली एक गोष्ट थोडक्यात सांगतो. भटेरी नावाच्या गावात एक साथीण होती. साथीण म्हणजे सरकारी योजनेतली गावकामगार बाई. तिने बालविवाह थांबवायचा प्रयत्न केला. त्याचा सूड म्हणून १९९२ साली तिच्यावर गावातल्याच पुरुषांनी बलात्कार केला, अशी तिची तक्रार. खालच्या कोर्टाने आरोपींना सोडले. वरच्या जातीचे पुरुष खालच्या जातीच्या बाईला शिवतील कसे, असेही त्या कोर्टाने म्हटले. पाणी भरताना शिवाशिव, आणि अत्याचार करतानाही तिचाच आडोसा! बायकांच्या संघटना सर्वोच्च न्यायालयात गेल्या. तिथून १९९७ साली नियम आले, की कामाच्या जागी बाईला त्रास झाला, तर तक्रारीची सोय मालकाने केली पाहिजे. २०१३ साली त्याचा कायदा झाला. दहा किंवा जास्त माणसे कामाला असतील, तिथे तक्रार समिती हवी. लहान जागेसाठी, घरकामाच्या बायांसाठी जिल्ह्याची समिती आहे. पनवेलच्या बाजूला गोदामे आणि कारखाने पुष्कळ. तिथे पाळीवर जाणाऱ्या बायांनी पहिल्या आठवड्यातच विचारावे, समितीवर कोण आहे?

दिल्लीनंतर

डिसेंबर २०१२ मध्ये दिल्लीत एका तरुणीवर चालत्या बसमध्ये अत्याचार झाला. ती त्यातच गेली. थंडीत पोरे-पोरी रस्त्यावर उतरली. पोलिसांनी पाण्याचे फवारे मारले, तरी हटली नाहीत. सरकारने माजी सरन्यायाधीश वर्मा यांची समिती नेमली. समितीने महिन्याच्या आत अहवाल दिला. २०१३ साली पुन्हा कायदा बदलला.

त्यात एक वाक्य आहे, त्यासाठी हा सारा धडा लिहिला असे म्हटले तरी चालेल. बाईने अंगाने प्रतिकार केला नाही, एवढ्यावरून तिची संमती होती असे धरता येणार नाही. जखम नाही, ओरडली नाही, म्हणून राजी होती, हे आता चालत नाही. देसाईगंजच्या रात्रीला तेव्हा ४१ वर्षे झाली होती. १ जुलै २०२४ पासून जुन्या दंड कायद्याच्या जागी भारतीय न्याय संहिता आली. तिच्यातही हे वाक्य आहे.

तक्रारी लिहायला बाया पुढे येऊ लागल्या. देशात २०१२ साली बलात्काराचे सुमारे २५ हजार गुन्हे नोंदले गेले होते. २०१३ साली ते ३३ हजारांवर गेले. काही जण म्हणाले, बघा, कलियुग आले. आम्हाला तसे वाटत नाही. एका वर्षात पुरुष एवढे बिघडत नाहीत. जे पूर्वी पदराखाली झाकले जाई, ते कागदावर येऊ लागले, हेच अधिक पटते.

एक गोष्ट मात्र चळवळीलाही अजून साधली नाही. नवऱ्याने सज्ञान बायकोवर केलेली बळजबरी बलात्काराच्या कलमात अजून येत नाही. त्यासाठी २००५ चा घरगुती हिंसाचाराचा कायदा आहे. त्याखाली संरक्षण मागता येते. यावर वाद चालू आहे.

आपल्या कोनकडे

कोन गाव पनवेलच्या अगदी जवळ. पूर्वी भातशेती आणि दोन-चार आळ्या. आता रस्ते, कंपन्या, उंच इमारती. त्यांतली काही घरे गिरणी कामगारांसाठी ठेवलेली. २०२० साली करोनाची साथ आली, तेव्हा तिथल्या इमारतींत रोगी आणि संशयित यांना वेगळे ठेवायची सोय केली होती. त्या वर्षी जुलै महिन्यात तिथे ठेवलेल्या एका बाईने तक्रार केली, की तिथल्याच एका पुरुषाने तिच्यावर बलात्कार केला. खरे काय, ते ठरवणे कोर्टाचे काम. आपण फक्त पुढचे बघू. पोलिसांनी गुन्हा नोंदवला. पेपरात बातमी आली, बाईचे नाव आले नाही. आणि मागणी झाली ती अशी, की करोना केंद्रांत बायकांच्या सुरक्षिततेचे नियम करा.

देसाईगंजला तक्रार लिहायला ठाण्याबाहेर गाव जमावे लागले. कोनला तशी वेळ आली नाही. शिवाय प्रश्न बाईला विचारला गेला नाही, व्यवस्थेला विचारला गेला. एवढा फरक पन्नास वर्षांत पडला. थोडा म्हणा, पुष्कळ म्हणा.

पण गावात अजून काय बोलले जाते, ते तुम्हाला आमच्यापेक्षा जास्त ठाऊक आहे. पेपरात दूरची बातमी आली, की सारे म्हणतात, फाशी द्या, चौकात द्या. तेच आपल्या आळीत घडले, आणि ज्याच्यावर आळ आला तो आपल्या भावकीतला निघाला, की म्हणतात, जाऊ द्या, पोराचे आयुष्य वाया जाईल. फाशी म्हणून ओरडायला काही लागत नाही. आपल्या माणसाविरुद्ध खरे बोलायला काळीज लागते.

आणखी एक समज. बाहेरची माणसे आली, म्हणून असे घडते. कोनसारख्या गावात परमुलखातले कामगार पुष्कळ. बोट लगेच तिकडे जाते. सरकारी नोंदी वेगळे सांगतात. बहुतेक प्रकरणांत आरोपी ओळखीचा असतो. शेजारी, नातेवाईक, मालक, लग्नाचे वचन देणारा. म्हणून लेकीला नुसते अनोळखी माणसापासून जप म्हणून भागत नाही. काकाचे नाव घेऊन ती काही सांगायला आली, तर तिला गप्प करू नये, हे मोठ्यांनी शिकायचे आहे.

गावकी बसवून हे मिटवता येते का? येत नाही. पैसे घेऊन, किंवा त्याच्याशीच लग्न लावून मिटवणे कायद्याला मंजूर नाही. मुलगी १८ वर्षांखालची असेल, तर तिची संमती होती, हे म्हणणेही चालत नाही. पोलिसांकडे गेले म्हणून गावकीने घर वाळीत टाकले, तर तो वेगळा गुन्हा. आपल्या रायगड जिल्ह्यात वाळीत टाकण्याची प्रकरणे फार झाली. महाराष्ट्राने २०१६ साली त्यावर कायदा केला. त्यात तीन वर्षांपर्यंत तुरुंग आहे.

वेळ आलीच तर

तिला आधी धीर द्यावा. तुझी चूक नाही, हे पहिले वाक्य. कसे, का, कुठे हे घरच्या दहा जणांनी दहा वेळा विचारू नये.

अंगावरचे कपडे धुऊ नयेत. कागदात गुंडाळून ठेवावेत. शक्यतो आंघोळ न करता दवाखान्यात जावे. आंघोळ झाली असली, दोन दिवस गेले असले, तरी जावेच. उशीर झाला म्हणून तक्रार बाद होत नाही. पनवेलला उपजिल्हा रुग्णालय आहे. खाजगी दवाखान्यालाही प्रथमोपचार आणि उपचार फुकट करावे लागतात. नाही म्हणणे हा गुन्हा आहे. दिवस राहू नयेत म्हणून आणि एड्ससारखा रोग लागू नये म्हणून गोळ्या मिळतात. त्या लवकरात लवकर, तीन दिवसांच्या आत सुरू कराव्या लागतात. म्हणून घाई हवी. तपासणी तिच्या संमतीनेच होते.

तक्रार कोणत्याही पोलीस ठाण्यात देता येते. हे आमच्या हद्दीत नाही, असे सांगून परत पाठवता येत नाही. लिहून न घेणाऱ्या पोलिसाला सहा महिन्यांपासून दोन वर्षांपर्यंत सक्तमजुरी आहे. जबाब बाई पोलिसाने घ्यायचा. तिच्या घरी येऊन घ्यायचा, किंवा ती सांगेल तिथे. रात्री ठाण्यात बसवून ठेवायचे नाही.

पोलिसांसाठी ११२, बायकांच्या मदतीसाठी १८१, मुलांसाठी १०९८, हे फोनचे आकडे आहेत. फोन करायला पैसे पडत नाहीत. वकीलही फुकट मिळतो. बाई गरीब असो वा नसो, तिला तो हक्क आहे. तालुक्याच्या कोर्टात विधी सेवा समिती असते, तिथे विचारावे. महाराष्ट्र सरकारची मनोधैर्य नावाची योजना २०१३ पासून आहे. तिच्यातून उपचाराला आणि पुन्हा उभे राहायला पैशाची मदत होते.

तक्रार लिहून झाली, की पोलीस सही मागतात. पूर्वी बाया अंगठा उठवत. कागदावर काय लिहिले, ते दुसऱ्याने सांगावे आणि आपण मान हलवावी. आता घाई करू नका. कागद हातात घ्या. एकेक ओळ बोट ठेवून वाचा. वेळ लागला तर लागू द्या. जे बोललात ते नसेल, किंवा जे बोलला नाहीत ते असेल, तर दुरुस्त करायला सांगा. मग सही करा. त्या कागदाची एक प्रत फुकट मिळते. ती मागून घ्या.